भाटकार

आमच्या गिरगावातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाटकार राहतात. गोव्याकडे जमीनदाराला भाटकार म्हणतात. यांची तिथली इस्टेट म्हणजे डिचोली तालुक्यातले चार माड, एक फणस आणि त्या फणसावरून चुलतभावाशी चाललेला वाद. पदवी त्यांनीच स्वतःला बहाल केली आणि आम्ही ती चालवून घेतली.

गोव्यावर एखादी कोटी केल्याशिवाय भाटकारांना सकाळचा चहा पचत नाही. कोटीचा विधीही ठरलेला. आधी चष्मा काढायचा, बनियनच्या टोकानं पुसायचा, पुसतापुसता वाक्य टाकायचं आणि चष्मा परत चढवून समोरचा हसतोय का ते बघायचं. नाही हसला, तर ‘आयकलें?’ असं विचारून तेच वाक्य जरा मोठ्यानं. तोवर आतून वहिनींनी त्यातला शेवटचा शब्द उच्चारून टाकलेला असतो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या बाबतीत वहिनींनी त्यांना एकदाही जिंकू दिलेलं नाही.

गावी निघाले की ‘पणजीला भेटून येतो’ असं जिन्यातच जाहीर होतं. पहिल्या मजल्यावर नवी आलेली मुलगी भाबडेपणानं म्हणाली, ‘अय्या, अजून आहेत? वय काय हो त्यांचं?’ भाटकारांचा चष्मा डोळ्यांवरून खाली आलाच. ‘1843 पासून राजधानी आहे. कर हिशेब!’ पाहुणे घेऊन गेले, तर दोना पावला दोन पावलांवर आहे असं सांगून त्यांना मिरामारहून भर उन्हात चालवत नेतात. साखळीबद्दल त्यांची तक्रार अशी, की गावाचं नाव साखळी, पण रेल्वे तिथे जात नाही, मग ओढायची कुठे?

त्यांच्यासमोर बोलताना फार जपावं लागतं. आपल्या तोंडून निघालेला कुठला साधा शब्द गोव्यातलं गाव निघेल, सांगता येत नाही. मागे एका शोकसभेत वक्ते सद्गदित होऊन म्हणाले, ‘त्यांना जाऊन वर्षं लोटली...’ भाटकारांचा हात चष्म्याकडे गेला. वहिनींनी तो वरच्या वर धरला. तरी सभा संपल्यावर चप्पल घालता घालता ते माझ्या कानात कुजबुजलेच, ‘लोटली! मारियो मिरांडांचं घर तिथे!’ बोरीबंदरचं नाव कुणी काढलं की म्हणतात, ‘तुम्ही बंदर घेतलंत, आम्ही बोरी आणि बोरकर ठेवले.’ कवी बाकीबाब बोरकरांचं गाव बोरी. ही कोटी मात्र मला मनापासून आवडते. तसं अजून त्यांना सांगितलेलं नाही; सांगितलं तर रोज ऐकावी लागेल.

राज्य लहान असल्याचं त्यांना दुःख नाही. दुसऱ्या मजल्यावर कुडाळचे तात्या आहेत. ते दर गणपतीत हा विषय काढतात. ‘आमचो एक जिल्हो 5,207 चौरस किलोमीटर. तुमचा अख्खा राज्य 3,702. ह्या कसला राज्य?’ भाटकार शांतपणे विचारतात, ‘तुमच्या जिल्ह्याला मुख्यमंत्री आहे? राज्यपाल? चाळीस आमदार?’ तात्या गप्प. मग भाटकारच पुढे म्हणतात, ‘चाळीस आमदार म्हणजे मासळी बाजारातसुद्धा एखादा भेटतोच. चुकवायचा म्हटला तर महाराष्ट्रात यावं लागतं. मी आलो.’ भारताच्या नकाशावर ‘गोवा’ ही अक्षरं राज्याच्या पोटात मावत नाहीत, म्हणून ती समुद्रात छापतात. भाटकारांच्या मते हा अरबी समुद्रावरच्या मालकीचा छापील पुरावा आहे.

एकदा त्यांनी समोरच्या जोशीकाकांना जेवायला बोलावलं. ‘विशेष काही नाही हो, नुस्तें आणि भात.’ काका बिचारे नुसत्या भाताच्या तयारीनं, घरून मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बरोबर घेऊन आले. ताटात सुंगटांची आमटी आणि रवा लावून तळलेला इसवण. कोकणीत मासळीला नुस्तें म्हणतात, हे काकांना त्या ताटासमोर बसून कळलं. भाटकार हसून हसून डोळे पुसत होते. वहिनींनी मात्र न बोलता आत जाऊन काकांसाठी मुगागाठी गरम केली. ती त्यांनी आधीच करून ठेवली होती. नवरा काय करणार, हे त्यांना ठाऊक होतं. काकांनी मेतकूट तिथेच ठेवलं, आणि हल्ली ते भाटकारांना आवडायला लागलंय.

‘आम्ही सुशेगाद माणसं, स्वातंत्र्यालासुद्धा चौदा वर्षं उशिरा पोचलो,’ हे भाटकार स्वतः म्हणतात. हेच कुणी दुसऱ्यानं म्हटलं की चष्मा जागचा हलत नाही. ‘पत्रादेवीचं स्मारक पाहिलंयस?’ एवढंच विचारतात. 1955 च्या पंधरा ऑगस्टला सीमा ओलांडताना गोळ्या खाल्लेल्या सत्याग्रहींत महाराष्ट्रातलीही माणसं होती, हे मग सावकाश, एकही कोटी न करता सांगतात.

1967 च्या 16 जानेवारीच्या मतदानाची गोष्ट मात्र खुलवून सांगतात. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं, अशी निशाणी. वडील फुलाचे, आई पानांची. पानं 34,021 मतांनी जिंकली. निकालाच्या रात्री आईनं जेवायला दोनच पानं घेतली, एक स्वतःचं आणि एक यांचं. वडील ओसरीवर बसून राहिले. ‘मग?’ मी विचारलं. ‘मग काय! माझं पान अर्धं मी बाबांना नेऊन दिलं. आई बघत होती, काही बोलली नाही.’ हे सांगताना चष्मा पुसला जातो, पण कोटीसाठी नव्हे.

त्यांना वैताग आहे तो एकाच विनोदाचा. ते गावी निघाले की अख्खी इमारत डोळा मारून म्हणते, ‘भाटकार, येताना बाटली आणा!’ दरवर्षी, तीच माणसं, तोच डोळा. स्वतः ते संध्याकाळी घोटभर घेतात, प्रश्न त्याचा नाही. एवढी देवळं, एवढ्या जत्रा, घराघरातल्या गणपतीवरची माटोळी, आणि यांना गोव्यातलं आठवतं काय, तर बाटली! एका वर्षी त्यांनी सगळ्यांना खरंच बाटल्या आणून दिल्या. बूच उघडलं तर आत कोकमाचं आगळ.

तेव्हा तुमच्या शेजारी असा कुणी भाटकार असेल, तर बाटली मागू नका. जत्रेतलं खाजें मागा. ते पिशवी भरून आणतात, आणि पैसे विचारले तर रागावतात.