पहिल्या प्रेसिंगचा शोध: खारघरवासीयांसाठी सुलभ मार्गदर्शिका

जॅझ सॅक्सोफोनच्या जुन्या एलपी, त्याही पहिल्या प्रेसिंगच्या, जमवायच्या तर जन्म न्यूयॉर्कात घ्यावा लागतो, असा एक गैरसमज आहे. आमचं मत नेमकं उलट आहे. या छंदाला खारघरकराइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही.

वरवर पाहता हे पटत नाही. सिडकोच मुळी १९७० सालची, आणि तिनं वसवलेलं खारघर त्याहून कितीतरी अलीकडचं. बेलपाडा, मुर्बी, कोपरा, ओवे ही मूळ गावं आणि मागचा डोंगर सोडला, तर १९५७ सालाशी ओळख सांगेल असं इथं काही नाही. पण खारघरकरानं घर घेतलेलं असतं. ओसी आली का, अलॉटमेंट लेटर कुणाच्या नावावर, ट्रान्सफर कितव्यांदा, पहिला मालक की रीसेल, हे सगळं तो चष्मा कपाळावर चढवून वाचायला शिकलेला असतो. पहिलं प्रेसिंग ओळखायला याहून वेगळी विद्या लागत नाही.

संगीताची समज लागते का, असं काही वाचक विचारतील. तो मुद्दा पायरी सहावीत घेतला आहे. घाई करू नये.

पायरी पहिली: कागदपत्रं तपासा

पहिलं प्रेसिंग म्हणजे रेकॉर्ड प्रथम बाजारात आली तेव्हाचा पहिला घाणा. पुढचे सगळे घाणे तेच संगीत वाजवतात, पण त्यांना समाजात मान नाही.

उमेदवारी ब्लू नोट कंपनीपासून सुरू करावी. या कंपनीच्या लेबलवर पत्ता छापलेला असतो आणि तोच तिचा सातबारा. आधीचा पत्ता ७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू. १९५७ च्या सुमारास तो ४७ वेस्ट ६३ वा रस्ता असा झाला, आणि थोड्याच दिवसांत त्यापुढे ‘न्यूयॉर्क २३’ हा टपाल विभागही छापला जाऊ लागला. या बदलाच्या धांदलीत हँक मोब्ली या टेनर सॅक्सोफोनवाल्याची १५६८ क्रमांकाची एलपी सापडली. तिच्या काही प्रतींवर एका बाजूला ‘२३’ आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. अशा प्रतीसाठी लोक हजारो डॉलर मोजतात. छापखान्यात जुनी लेबलं संपवायची होती, एवढ्यावर हे भाग्य उजळलं. खुद्द मोब्लीनं शेवटची वर्षं आजारपणात आणि हलाखीत काढली आणि तो १९८६ साली गेला. त्याच्या नावावर असला कुठलाही छापखान्याचा घोटाळा जमा नव्हता.

पत्ता जुळला की रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरावी. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी म्हणजे डेड वॅक्स. तिथं कानासारखी दिसणारी एक खूण शोधावी. ते प्लॅस्टिलाइट कारखान्याचं इंग्रजी ‘पी’ अक्षर. १९६६ च्या सुमारास कंपनी लिबर्टीकडे गेली आणि हा कान नाहीसा झाला. शिवाय ‘आरव्हीजी’ ही तीन अक्षरं दिसली तर हृदयाचे ठोके वाढू द्यावेत, चेहरा मात्र कोरा ठेवावा. रूडी व्हॅन गेल्डर हा दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि न्यूजर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. सॉनी रॉलिन्सची ‘सॅक्सोफोन कलोसस’ २२ जून १९५६ रोजी त्याच खोलीत मुद्रित झाली आणि जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ १५ सप्टेंबर १९५७ रोजी. आधुनिक जॅझचा निम्मा इतिहास तिथं घडू शकला, कारण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणी सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली नाही.

‘कलोसस’ मात्र प्रेस्टिज कंपनीची. तिच्या लेबलवर ४४६ वेस्ट ५० वा रस्ता, न्यूयॉर्क असेल तर ठीक. पुढे कंपनी न्यूजर्सीत बर्गनफील्डला गेली, तो पत्ता असेल तर किंमत घसरते. पाण्यापलीकडे राहायला गेलं की भाव उतरतो, हे खाडी ओलांडून आलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

पायरी दुसरी: विक्रेत्यांची भाषा शिका

रेकॉर्डच्या अवस्थेला जगभर ठरलेल्या पदव्या आहेत: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. नवखा माणूस ‘गुड’ वाचून पैसे पाठवतो. गुडचा अर्थ एवढाच की पिन अडकणार नाही; खरखर धरूनच चालायची. ‘व्हेरी गुड’ म्हणजेसुद्धा चरे दिसतील आणि ऐकूही येतील. समाधान सुरू होतं ते ‘प्लस’पासून. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ या जाहिरातीवर विसंबून ज्यांनी भर उन्हात सेक्टर ३५ गाठला आहे, त्यांना हा धडा वाचण्याची गरज नाही.

पायरी तिसरी: बाजारहाट

खारघरहून हार्बरची सीएसएमटी गाडी पकडावी आणि सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटपर्यंत चालत जावं. दुकानं हवी असतील तर शुक्रवार टाळावा, रस्त्यावरचा पसारा उपसायचा असेल तर शुक्रवारच गाठावा, तोही पहाटे. पुण्याला नातेवाईक असतील तर त्यांची चौकशी बुधवारी किंवा रविवारी करावी, म्हणजे जुना बाजारही होतो.

जिम रीव्हज, बोनी एम आणि ‘शोले’च्या संवादांची एलपी उपसत गेल्यावर तळाशी एखादा सॅक्सोफोन लागतो. तो क्षण सांभाळणं ही खरी कला. दुकानदार रेकॉर्ड कव्हरातून काढतो, त्यावर तोंडानं फुंकर मारतो आणि सदऱ्याच्या टोकानं गोल गोल पुसतो. सदऱ्याला धातूचं बटण असतं. अशा वेळी ओरडू नये. नजर बाजूच्या पितळी अडकित्त्याकडे वळवावी आणि त्याचा भाव विचारावा. मग सहज आठवल्यासारखं, “और ये?”

“कौन-सा? ये बाजावाला? इंग्लिश है, साहब.”

“हां, बच्चे को दीवार पे लगाना है।”

हे वाक्य पूर्वी हमखास चालायचं. हल्ली दुकानदार “एक मिनट” म्हणून खिशातून मोबाइल काढतो, लेबलवरचा क्रमांक टाकतो आणि परदेशातल्या निअर मिंट प्रतीचा भाव आपल्याला दाखवतो. हातातल्या प्रतीवर त्याच्या बटणाचा चरा असतो, पण तो फोटोत नसतो. इथून पुढची बोलणी अडकित्त्यावर आणावीत. निदान तो तरी मिळतो.

पायरी चौथी: गृहप्रवेश

परदेशातून मागवलेल्या पार्सलवर जाहीर किंमत छापलेली असते, टपालखर्च असतो, वर कस्टमची ड्यूटी. ते घेऊन येणारा नेमका आपण अंघोळीला गेल्यावर येतो आणि वॉचमन इंटरकॉमवर घरात विचारतो, “मॅडम, अमेरिकेहून काहीतरी चपटं आलंय, वर पाठवू?” म्हणून पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर घ्यावं आणि लॅपटॉपच्या बॅगेत सरळ उभं ठेवून आणावं.

किंमत सांगण्याचे तीन संप्रदाय आहेत. पहिला डॉलरचा आकडा सांगतो आणि तो रुपयाचा समजला जाईल अशी आशा धरतो. दुसरा ‘मित्रानं दिली’ म्हणतो. मित्र वारंवार देऊ लागला की घरचे त्याला जेवायला बोलवायचं म्हणतात, तिथं हा पंथ बुडतो. तिसरा सांगतो की ही गुंतवणूक आहे. यावर “अहो, मग विकून दाखवा ना एक,” असं उत्तर येतं. त्यावर आजवर कुणालाही तोड सापडलेली नाही. तरीही हाच संप्रदाय सर्वांत मोठा आहे.

पायरी पाचवी: साठवण

एलपी उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीत खालची वाकते. तुर्भ्याच्या आयकियातलं कॅलॅक्स नावाचं कपाट या कामी जगभर वापरलं जातं, कारण त्याच्या खणात एलपीचं कव्हर चपखल बसतं. कपाट पश्चिमेच्या काचेसमोर नको. एप्रिलच्या उन्हात व्हिनाइल पापडासारखी लाट घेतं. जूनपासून शत्रू बदलतो. पांडवकडा धबधबा दुरून पाहायला छान, पण ज्या ढगांनी तो कोसळतो तेच खिडकीतून आत येतात आणि कव्हरांवर बुरशी धरते. बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण घट्ट बंद करू नये, आतला कागद बदलावा आणि आठवड्यातून एकदा कपाटाला वारा लागू द्यावा. चादरींना लागला नाही तरी चालेल.

तबकडी धुवायला डिस्टिल्ड वॉटर घ्यावं, नळाचं नको. काही जण त्यात थोडं अल्कोहोल घालतात. व्हिनाइलला ते चालतं, पण ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीला चुकूनही लावू नये, कारण ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ही लाख त्या काळी मुख्यतः हिंदुस्थानातूनच जगभर जायची. १९४५ च्या नोव्हेंबरात चार्ली पार्करनं न्यूयॉर्कात ‘को-को’ वाजवलं, ते अशाच तबकडीवर निघालं. ती आज डॉलर मोजून मागवणारा माणूस आपल्याच रानातला माल ड्यूटी भरून परत आणत असतो.

पायरी सहावी: ऐकणं

हा भाग नाजूक आहे. रेकॉर्ड वाजवली की सुई खाचेतून फिरते आणि खाच झिजते. झीज किती, हे सुईच्या अवस्थेवर आणि वजनावर आहे. पण झीज ती झीजच. सबब, निअर मिंट प्रत ऐकू नये. तेच संगीत मोबाइलवर ऐकावं आणि त्या वेळी कव्हर हातात धरावं.

फारच इच्छा झाली तर डमडमची प्रत शोधावी. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कोलकात्याजवळ डमडमला होता आणि एचएमव्हीच्या रेकॉर्ड तिथं छापल्या जात. लेबलवर ‘मेड इन इंडिया’ दिसलं की खरा संग्राहक ती तुच्छतेनं मागे ढकलतो. अशी प्रत बहुधा पार झिजलेली असते, कव्हरवर शाईनं कुणाचं तरी नाव, कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ. याचा अर्थ ती कुणीतरी ऐकली होती. बाजारात याला दोष म्हणतात.

या संदर्भात खुद्द रॉलिन्सची वर्तणूक गोंधळात टाकणारी आहे. ‘कलोसस’नं नाव झाल्यावर १९५९ साली त्यानं कार्यक्रम बंद केले आणि तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकट्यानं रियाज करत राहिला, कारण आपलं वाजवणं त्याला पुरेसं वाटेना. साठचं दशक संपता संपता तो थेट पवईला आला आणि स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. म्हणजे ज्याच्या पहिल्या प्रेसिंगसाठी आपण जीव टाकतो, तो माणूस खारघरहून तासाभराच्या अंतरावर होता, वाशीच्या पुलावर गाड्या तुंबल्या नाहीत तर. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो वाजवायलाही आला. त्या वेळी तिकीट काढून जे ऐकायला गेले, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. संग्राहकानं हा वेडेपणा करू नये.

पायरी सातवी: घरचा माल ओळखा (ऐच्छिक)

प्रगत विद्यार्थ्यांनी मुंबईच्या जॅझकडे वळायला हरकत नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्यापाठोपाठ कॉर्नेटवाला क्रिकेट स्मिथ याच्या बँडनं १९३६ साली ‘ताजमहाल’ नावाची रेकॉर्ड इथंच केली. ताजमध्ये १९३९ पासून दोन दशकांहून जास्त काळ मिकी कोरिया या गोवेकर सॅक्सोफोनवाल्याचा बँड होता. रूडी कॉटन हे नाव ऐकून अमेरिकेत शोध घेऊ नये. ते कावसजी खटाव नावाचे पारशी गृहस्थ, टेनर सॅक्सोफोन वाजवायचे. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांची १९७० सालची ‘रागा रॉक’ हाती लागणं आज मोब्लीपेक्षा सोपं नाही.

एवढंही नको असेल तर सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ घ्या, १९५१ चा. त्यात ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरच दिसतो. पुणतांब्याच्या रामचंद्रांनी गोव्याचे वादक घेऊन जॅझ भगवानदादांच्या पायापर्यंत पोचवला आणि अख्ख्या महाराष्ट्राला त्यावर नाचवलं, तेही पहिलं प्रेसिंग कुठलं याची चौकशी न करता. या रेकॉर्ड रद्दीच्या दुकानात अजून मिळतात. स्वस्त असल्यामुळे त्यांना दुर्मीळ म्हणता येत नाही, आणि दुर्मीळ म्हणत नसल्यामुळे त्या जपल्या जात नाहीत. हे चक्र समजून घेण्यातच या छंदाचं सगळं अर्थशास्त्र येतं.

पायरी आठवी: वारस

चोरबाजारात रेकॉर्ड येतात कुठून, याचा विचार संग्राहक सहसा करत नाही. त्या संग्राहकांच्या घरून येतात. माणूस जातो, मुलं कुठल्या तरी वेळेच्या पट्ट्यातून आठ दिवसांसाठी येतात, फ्लॅट रिकामा करायचा असतो. रद्दीवाला कव्हरं कागदाच्या भावानं तोलतो आणि तबकड्या प्लॅस्टिकच्या. ‘२३’ एका बाजूला आहे की दोन्ही, हे त्याच्या काट्यावर दिसत नाही.

यावर मृत्युपत्र, एक्सेल शीट, कपाटावर चिकटवलेली सूचना असे उपाय सुचवले जातात. सूचना कुणी वाचत नाही. अनुभवी लोकांच्या मते एकच बंदोबस्त थोडाफार लागू पडतो: घरातल्या कुणाला तरी त्यातली एक-दोन गाणी तोंडपाठ असली पाहिजेत. जी रेकॉर्ड रविवारी पोह्यांबरोबर वाजत होती, ती काट्यावर चढवताना हात अडखळतो. अर्थात त्यासाठी ती वाजवावी लागते, पोह्यांच्या हातानं हाताळावी लागते आणि ग्रेड एक पायरी उतरते.

यातून मार्ग आहे. प्रत्येक रेकॉर्डच्या दोन प्रती घ्याव्यात, एक घरच्यांसाठी आणि एक कपाटासाठी. दुसऱ्या प्रतीचं घरी काय सांगायचं, यासाठी पायरी चौथी पुन्हा वाचावी.