क्रेडिट जमा, पोरगं बाकी

आपला धाराशिव जिल्हा आकांक्षित आहे. हे मी म्हणत नाही, नीती आयोग म्हणतो. मागास म्हणायला जीभ रेटेना म्हणून २०१८ साली हे गोंडस नाव निघालं, आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीच्या पंगतीत आपलाही पाट मांडला गेला. अख्खा जिल्हाच आकांक्षा धरून बसलाय म्हटल्यावर आमच्या तात्यांच्या नातवानं का मागं राहावं? गावाकडच्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष पदरात पडताच त्यानं जाहीर केलं, "आता लाईन बदलणार. जनसंपर्काची पदवी करणार. पुण्यात."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे इलेक्शनला हुबारायचंय का?"

"न्हाई तात्या. लोकांशी कसं बोलायचं, संस्थेचं नाव चांगलं कसं ठेवायचं, ते शिकायचंय."

"त्याला पुण्याला कशाला जावं लागतं? पुण्याचीच माणसं इकडं मतं मागायला येतेत."

पोरानं मग नव्या शैक्षणिक धोरणाची फोड करून सांगितली. वर्गात १५ तास बसलं की एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला ३० तास लागतात, वर्षाला ४० क्रेडिट जमतात. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, तिथं ती साठतात. कॉलेज बदललं तरी खातं आपलंच. बँक म्हटल्यावर तात्या सावरून बसले. "चेअरमन कोण हाय? थकबाकी किती? जामीन कोण लागतो?" या बँकेला चेअरमनच्या गटाचं राजकारण नाही, हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. क्रेडिट सात वर्षांनी बाद होतं, हे कळल्यावर तर त्यांनी मान हलवली. ही मुदत ज्यानं ठरवली, त्यानं तुळजापूरच्या रेल्वेची वाट पाहिलेली दिसत नाही.

नियमात आणखी एक मेख आहे. ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथं निदान निम्मी क्रेडिट कमवावी लागतात. म्हणजे पंगत कुठंही झोडा, आहेर यजमानाच्या घरीच द्यायचा. शिवाय आधीचे विषय नव्या अभ्यासक्रमाशी जुळले पाहिजेत आणि तिकडं जागा रिकामी पाहिजे. जनसंपर्क ही स्वतंत्र पदवी तशी क्वचितच भेटते. बहुतेक ठिकाणी ती पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात एखाद्या पेपरापुरती अंग चोरून बसलेली असते.

पुणं नको, जवळ बघू म्हणावं, तर आपला नकाशा आडवा येतो. सोलापूर सत्तरएक किलोमीटरवर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं; पण तिथं २००४ पासून वेगळं विद्यापीठ. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. १९९४ पासून ते नांदेडच्या विद्यापीठात. आणि ज्याला आपलं म्हणायचं, त्याचं मुख्य आवार छत्रपती संभाजीनगरला, अडीचशे किलोमीटरच्या घरात. शेजारच्या गावाला जायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. जिथं ते लागत नाही, तिथं जायला रात्रीची एसटी.

क्रेडिट एका बोटावर इकडून तिकडं जातं, हे खरं. पण पोराला न्यायचं तर टी.सी., स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रक, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला आणि सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. त्यात २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. दहावीच्या कागदावर उस्मानाबाद, नव्या दाखल्यावर धाराशिव. एका खिडकीतला माणूस विचारतो, "हे दोन जिल्हे वेगळे कसे?" अहो, पाटीवर काय लिहावं यावरून ज्या गावानं कोर्टाची पायरी पाहिली, त्या गावच्या पोरालाच हे विचारता!

या खिडक्यांपुढचे तास प्रात्यक्षिकात धरले, तर पोराचं एक सेमिस्टर दिवाळीआधी पुरं होईल. कारण तिथं तो जे करतो तो जनसंपर्कच आहे. कोणत्या क्लार्कला 'साहेब' म्हणायचं, कोणाला 'मामा', चहा कधी सांगायचा, जेवणाच्या सुट्टीत दारात उभं राहायचं नाही, हे कोणत्या पेपरात येतं?

आणि वरचा वर्ग बघायचा असेल तर चौकात उभं राहावं. फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढं बसलेला तो बारावी नापास पोरगा बघा. वर मधोमध दिल्लीचे नेते, त्यांच्या खांद्याशी मुंबईचे, मग जिल्ह्याचे, आणि वाढदिवस ज्याचा तो कमरेपासून वर, गॉगल लावून, हात जोडून. खाली तिकिटाएवढ्या चौकटीत शुभेच्छुक. एकाचा फोटो बोटभर लहान झाला तर गट फुटतो; कोणाचा राहिला तर रात्रीतून फ्लेक्स फाटतो. गेल्या निवडणुकीनंतर ज्यांनी पक्ष बदलला, त्यांचे वरचे चेहरे तेवढे बदलायचे, कंबर तीच. हे गणित तो पोरगा तोंडी सोडवतो. अमेरिकेत आयव्ही ली नावाच्या गृहस्थांनी १९०६ साली जाहीर केलं होतं, की आमचं काम उघड्यावर चालेल आणि माहिती खरी असेल. त्यांना आपल्या चौकातला 'विकासपुरुष' दाखवायला हवा होता. उघड्यावर आहे, एवढं तरी त्यांनी मान्य केलं असतं.

तर नातवाचं स्थलांतर प्रमाणपत्र 'सहीला' गेलं होतं. सहीला गेलेला कागद आणि आषाढीला गेलेला माणूस, कधी येईल ते विचारायचं नसतं. एके दिवशी क्लार्कनं अर्ज वाचता वाचता चष्मा वर केला. "जनसंपर्क? म्हणजे तुला लिहिता येतं की! परवा साहेबांचा वाढदिवस आहे. बॅनरचा मजकूर दे चार ओळींचा. सहीचं मी बघतो."

पोरानं जागेवर लिहून दिलं. विद्यार्थ्यांचे कैवारी, शिस्तीचे पुजारी, प्रशासनातील दीपस्तंभ. क्लार्कनं स्वतःचा फोटो कुठं येणार ते दोनदा विचारून घेतलं आणि कागद आत नेला. दहा मिनिटांत प्रमाणपत्र सहीशिक्क्यासह बाहेर आलं. सोबत मजकुराचा कागदही होता. साहेबांनी दीपस्तंभ खोडून तिथं स्वतःच्या अक्षरात 'भावी कुलगुरू' लिहिलं होतं, आणि समासात सूचना होती : टाईप मोठा घ्यावा.