आकृतिबंधाबाहेरचा ऑपरेटर

सरकारी नोकरीत रुजू होताच माणसाची जन्मतारीख सेवापुस्तकात चढते. बहुतेकांच्या बाबतीत तिच्यात ५८ मिळवले की निवृत्तीचं वर्ष निघतं. म्हणजे कुठली खुर्ची कधी रिकामी होणार, हे महाराष्ट्र शासनाला तीस-तीस वर्षं आधी ठाऊक असतं. तरीही दर वेळी खुर्ची रिकामी झाली की कार्यालयात एकच हलकल्लोळ: अहो, हे गेले कसे?

त्यातही ३१ मेची गंमत पाहा. एका अख्ख्या पिढीच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवल्या. पोरगं सहा वर्षांचं दिसलं की लिहा १ जून. आणि एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिनाअखेरीला निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला शाल-श्रीफळांचा तुटवडा पडतो आणि १ जूनला पावसाळ्याचा नियंत्रण कक्ष उघडतो. नदीचं पाणी आधी कुठल्या आळीत शिरतं हे पाठ असलेला माणूस आदल्याच संध्याकाळी गुच्छ घेऊन घरी गेलेला असतो. राज्याचं मनुष्यबळ नियोजन कुणी केलंच असेल तर ते त्या गुरुजींनी. निदान त्यांनी तारीख तरी नक्की केली.

जागा भरायची तर आधी आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, सुधारायचा. मग वित्त विभाग, समिती, सेवाप्रवेश नियम, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, मागणीपत्र. फाइल फिरून येईपर्यंत आणखी दोन ३१ मे उलटतात. तोवर अतिरिक्त कार्यभार आहेच. एक तलाठी तीन गावं सांभाळतो, आणि प्रत्येक गावाला वाटतं, तो उरलेल्या दोन गावांत असेल.

माणसांची तूट खरी; कौशल्याच्या तुटीची ओरड मात्र निराधार आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले आणि निकालात २०० पैकी २१४ गुणांचा उमेदवार निघाला. सामान्यीकरणाच्या सूत्राने असं होतं, असा खुलासाही झाला. पैकीच्या पैकी गुण घेऊन वर १४ उरतात, तिथे तूट कसली? हे तर शिलकी अंदाजपत्रक! पुढच्याच वर्षी तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. पाटी रंगवण्याच्या खर्चात एवढी कौशल्यवृद्धी दुसऱ्या कुठल्या राज्याने करून दाखवावी.

केंद्राने २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केलं. त्याच्याच ऑक्टोबर २०२४ च्या शिक्षण सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्याने निदान चार तास ऑनलाइन शिकावं, असं ठरलं. कल्पना वाईट नाही. नियमावर बोट ठेवून बसलेल्याला ‘तुझ्या कामाला नेमकं काय यायला हवं?’ असं कुणीतरी विचारायलाच हवं होतं. आमच्याकडे झालं एवढंच, की व्हिडिओ सुरू करून साहेब बैठकीला गेले आणि ‘पुढे’चं बटण दाबायला संगणक ऑपरेटर बसला. बैठक अर्थातच प्रशिक्षणाच्या प्रगतीची.

हा ऑपरेटर आकृतिबंधात नाही, हजेरीपटावर नाही. तो एजन्सीचा. पण साहेबांची डिजिटल सही त्याच्या ड्रॉवरमध्ये असते. ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो आणि साहेब तो ओरडून सांगतात. सातबाऱ्यावरची चूक कुठे दुरुस्त होते, सर्व्हर किती वाजता शुद्धीवर येतो, हे त्यालाच माहीत. तो रजेवर गेला की तालुक्यातल्या जमिनीचे व्यवहारही रजेवर जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, त्यात माणसांची प्रतवारी होती: अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल. ओरड झाली, ऑक्टोबरात निर्णय रद्द झाला. ऑपरेटर जागचा हलला नाही. त्याचा पगारही हलला नाही. दोन महिने मागे होता, तिथेच आहे.

हजार रुपये शुल्क भरून त्यानेही तलाठ्याची परीक्षा दिली होती. फेरफाराच्या एकाही प्रश्नावर न अडणारा हा गडी चालू घडामोडींत अडला आणि राहिला. सध्या तो निवड झालेल्या नव्या अधिकाऱ्यांना फेरफार कसा घ्यायचा ते दाखवतोय. त्यांचं पायाभूत प्रशिक्षण पुढच्या वर्षी लावल्याचं पत्र ई-मेलने आलं आहे. ते उघडून, छापून, आवक क्रमांक घालून त्यांच्या टेबलावर ठेवलं, तेही त्यानेच.