अनुभव नऊ वर्षांचा, पात्रता विश्रांतीची

उत्तर अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळवणाऱ्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, ज्याचा करार संपला आहे परंतु ज्याच्यावरील हक्क जुन्या क्लबाने सोडलेला नाही, अशा खेळाडूस ‘मर्यादित मुक्त’ म्हणतात. आणि या अर्धवट मुक्तीची भरपाई म्हणून त्यास वेतनाचा वाद त्रयस्थ लवादापुढे नेण्याचा अधिकार मिळतो. त्याची पात्रता पहिल्या कराराच्या वेळच्या वयावरून ठरते: अठरा ते विसाव्या वर्षी करार केल्यास चार वर्षांचा अनुभव लागतो, एकविसाव्या वर्षी केल्यास तीन, आणि चोविसाव्या वर्षी वा नंतर केल्यास एकच पुरतो.

हे कोष्टक आपल्या मैदानी हॉकीस, म्हणजे पुण्यातील खडकीस, लावून पाहणे शास्त्रास धरूनच होईल. खडकीत जन्मलेले धनराज पिल्ले 1989 साली, एकविसाव्या वर्षी, भारतीय हॉकी संघात आले; म्हणजे हिशेबाने 1992 पासून ते लवादास पात्र होते. प्रत्यक्षात 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेपूर्वी त्यांनी परदेश दौऱ्यांच्या तुटपुंज्या भत्त्याविषयी तोंड उघडले, संघाने बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक आणले, आणि लगोलग पिल्ले यांच्यासह सात ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. अधिकृत कारण विश्रांतीचे होते. अमेरिकेतील लवाद सुनावणीनंतर अठ्ठेचाळीस तासांत निकाल देतो. आपल्याकडे सुनावणीचीही गरज भासली नाही, ही कार्यक्षमता परदेशी अभ्यासकांच्या नजरेतून कशी सुटली, हे कळत नाही.

खडकीहून मुळा नदीच्या काठाने वर गेले की लागणाऱ्या बालेवाडीत जानेवारी 2010 मध्ये प्रयोगाची दुसरी आवृत्ती झाली. हॉकीचा विश्वचषक महिना-दीड महिन्यावर असताना राष्ट्रीय शिबिरातील खेळाडूंनी थकलेल्या मानधनासाठी सराव थांबवला. हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेने प्रत्येकी पंचवीस हजार रुपये देऊ केले, ते नाकारले गेले. नॅशनल हॉकी लीगच्या लवादापुढे क्लबाची आर्थिक स्थिती हा पुरावा ग्राह्यच नसतो, कारण प्रश्न खेळाडूचे मोल किती हा असतो, मालकाच्या खिशात किती हा नव्हे; बालेवाडीत मात्र रिकामी तिजोरी हाच मुख्य साक्षीदार होता, आणि त्याची उलटतपासणी कोणी घेतली नाही. अखेर सहारा समूहाने एक कोटी रुपये दिले, म्हणजे वाद दोन पक्षांचा होता आणि तो मिटवण्याचे बिल तिसऱ्याने भरले. लवाद त्रयस्थ असावा, या तत्त्वाचा इतका शब्दशः अर्थ अन्यत्र कोणी लावल्याचे आढळत नाही. संघ विश्वचषकात आठवा आला.

अर्थात अमेरिकेतही सारे आलबेल नसते. ठरावीक रकमेवरचा निकाल नाकारून खेळाडूस सोडून देण्याची मुभा क्लबास असते. त्याच 2010 साली शिकागोच्या क्लबाने आपल्याला लीगचा स्टॅनले चषक जिंकून देणारा गोलरक्षक अँटी निएमी याच्या साडेसत्तावीस लाख डॉलरच्या निकालाकडे पाठ फिरवली. निएमी पूर्ण मुक्त झाला आणि सॅन होजेच्या संघात गेला. बालेवाडीतील खेळाडूंस संघ बदलायचा म्हटले, तर आधी देश बदलावा लागला असता.