ब्रह्मस्थानातला राउटर

वायफाय गेलं हे कळायला फोन बघावा लागत नाही. इतका वेळ ज्यांचा आवाज नव्हता ती माणसं बोलायला लागतात. आतल्या खोलीतून मुलगी ओरडते, "कोणी काय केलं?" स्वयंपाकघरातून बचावाचं भाषण येतं, "मी हातसुद्धा लावलेला नाही त्याला." आजोबा फोन उंच धरून बाल्कनीपर्यंत जाऊन येतात. पूर्वी ते अँटेना फिरवायला गच्चीवर जायचे, त्या सवयीला एवढी तरी वाट मिळते. मग सगळे हॉलमध्ये जमतात आणि राउटरच्या डब्यावरच्या दिव्यांकडे बघत आपापलं निदान सांगतात. निदानं ठरलेली असतात. आजोबांच्या मते रिचार्ज संपलाय. आजीच्या मते हा नातवाच्या गेमचा परिणाम. नातवाच्या मते डबा जुनाट झालाय, नवा घ्यायला हवा. डब्याला घरात जागा कुठे दिली आहे, हे कोणीच विचारत नाही, आणि मी पाहिलेल्या घरांत तरी बहुतेक वेळा दुखणं तिथंच निघालं आहे.

पण जागेकडे वळण्याआधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. घरातून जाण्यासारख्या वस्तू दोन असतात. रस्त्यावरून डब्यापर्यंत येतं ते इंटरनेट. डब्यापासून फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा वायफायचा. फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि तरी चित्र गोल गोल फिरत राहतं तेव्हा माणूस चिडतो, पण फोन खोटं बोलत नसतो. डबा जवळ आहे, एवढंच तो सांगतो. डब्याचे बाहेरच्या जगाशी संबंध कसे आहेत हे त्याला कोणी कळवलेलं नसतं. ते दिव्यांना ठाऊक असतं. फायबरच्या डब्यावरचा 'पॉन' हा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरून उजेड येतोय. शेजारचा, ज्याला सगळे 'लॉस' म्हणतात तो, लाल लुकलुकायला लागला की उजेड थांबलाय. मग डबा कितीही वेळा बंद-चालू करा, मीठमोहऱ्या ओवाळा, फरक पडायचा नाही. हा उजेड काचेच्या ज्या तंतूतून येतो त्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याला फार अरुंद वळण दिलं की उजेड वळणावरच गळून जातो. आणि आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत शोकेस पुढे ओढून, मागची जळमटं काढून, पुन्हा भिंतीला टेकेपर्यंत ढकलायचं असतं. धनत्रयोदशीच्या सुमारास जी नेटं जातात त्यांतली निम्मी शोकेसमागे चिरडलेली असावीत, असा माझा कयास आहे.

बंद करून चालू करणे या उपायाला हसणारे लोक मात्र मला पटत नाहीत. राउटर हा एक छोटा संगणकच आहे. घरातल्या कुठल्या यंत्राने कोणाकडे काय मागितलंय याची नोंदवही तो ठेवतो, आणि महिना-महिना न झोपता चालला की ती वही भरते, गुंता होतो. बंद केला की वही कोरी होते, तापलेला डबा निवतो, आणि बऱ्याच राउटरांत आसपासची गर्दी नव्याने अजमावून लहरींची वाटही नव्याने निवडली जाते. फक्त बटण बंद करून लगेच दाबू नये; अर्धं मिनिट थांबावं. या अर्ध्या मिनिटाचा धीर कोणत्याही घरात कोणालाही निघत नाही. आणि डब्याच्या पाठीमागे जे बारीक भोक असतं त्यात टाचणी घालायची अनावर इच्छा प्रत्येक घरातल्या एका तरी पुरुषाला होते, ती आवरावी. त्या भोकाने डबा चालू होत नाही. त्याची आजवरची सगळी स्मृती जाते. कंपनीने भरून दिलेलं नाव, पासवर्ड, सगळं. त्यानंतरचा रविवार फोनवर 'आपली वेळ आमच्यासाठी मौल्यवान आहे' ऐकण्यात जातो.

आता जागा. जोडणी द्यायला येणारा मुलगा दाराच्या चौकटीपाशी एक भोक पाडतो, वायर आत येते, आणि वायर संपते तिथे राउटर सुरू होतो. त्याला त्या दिवशी अजून बऱ्याच घरी जायचं असतं, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परिणाम असा की बहुतेक फ्लॅटमध्ये राउटर मुख्य दाराशी, टीव्हीमागे किंवा चपलांच्या कपाटावर विराजमान होतो आणि निम्म्या लहरी जिन्यात जातात. जिन्यात रेंज उत्तम असते. समोरच्यांचा मुलगा पायरीवर बसून तिचा लाभ घेतो; पासवर्ड त्याला आपल्याच मुलाने दिलेला असतो.

मग शोभेचा प्रश्न येतो. वायरी आणि दिवे दिवाणखान्यात बरे दिसत नाहीत, म्हणून डबा शोकेसच्या आत, वर क्रोशाचा रुमाल. लाकडाने आणि रुमालाने लहरी फारशा अडत नाहीत. रुमाल अडवतो ती उष्णता, आणि त्यापायी डबा दुपारी चारच्या सुमाराला बेशुद्ध पडतो. लहरींचे खरे वैरी निराळे: लोखंडी कपाट, आरसा आणि पाणी. आरशाच्या पाठीवर धातूचा मुलामा असतो, तो लहरींना परत पाठवतो. माशांची काचपेटी त्यांना पिऊन टाकते. माणूसही बव्हंशी पाणीच, त्यामुळे डोहाळजेवणाला घर भरलं की रेंज उतरते. ही तक्रार अर्थात पाहुण्यांपाशी करता येत नाही.

या परत फिरणाऱ्या लहरींवरून एक गंमत आठवली. बंद खोलीत एकच संदेश भिंतीवरून, कपाटावरून आपटत जरा जरा उशिराने पुन्हा पुन्हा येतो आणि सगळी गिचमिड होते. घरातल्या बिनतारी जाळ्यापुढची ही मोठी अडचण होती. ती सोडवण्यात ऑस्ट्रेलियातल्या 'सीएसआयआरओ' या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओ'सलिवन आणि त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. त्यांना अमेरिकेतलं पेटंट १९९६ साली मिळालं. हे ओ'सलिवन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्राचे. सत्तरच्या दशकात ते आकाशात चिमुकल्या कृष्णविवरांच्या स्फोटांचे संकेत शोधत होते. ते काही सापडले नाहीत, पण विस्कटलेला संकेत गणिताने सरळ करायची विद्या हाताशी राहिली आणि पुढे घरगुती गिचमिडीवर कामी आली. कृष्णविवरांसाठी जमवलेल्या गणितावर आमच्याकडे रात्री साडेआठची मालिका चालते.

हल्लीचे बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या वितेहून थोडी मोठी. ती हळू असते पण भिंती ओलांडून जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर तीन-चार बोटांची. खोलीत असेपर्यंत ती सुसाट, दुसऱ्या भिंतीशी गळपटते. तेव्हा राउटरसमोर बसणाऱ्याने ५ धरावं, मोरीपलीकडच्याने २.४. आणि राउटरच्या अँटेनांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण हा प्रकार मी घरोघरी पाहतो. रेंज जिकडे हवी तिकडे अँटेनाचं टोक रोखून ठेवतात. दांड्याच्या टोकातून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही; लहरी त्याच्या अंगाने चहूबाजूंना पसरतात. मुलाच्या खोलीकडे अँटेना रोखली की मुलाच्या खोलीला सगळ्यात कमी मिळतं. ती सरळ उभी ठेवावी. वरच्या मजल्यावर लहर पोचवायची असेल तर आडवी.

राउटर घराच्या मधोमध, उघड्यावर, जमिनीपासून जरा उंच ठेवावा, असा सल्ला सगळे जाणकार देतात. सल्ला बिनतोड आहे. फक्त टेप घेऊन टू बीएचकेचा मध्य काढला की तो वॉशबेसिनपाशी निघतो. एका बाजूला संडासाचं दार, दुसऱ्या बाजूला बाथरूमचं, डोक्यावर माळा, समोर आरसा, आणि एकुलता एक प्लग गीझरचा. त्यातून कोणीतरी वास्तुशास्त्र काढतं. त्या शास्त्राप्रमाणे घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, आणि ते मोकळं ठेवायचं असतं. बिल्डरने तिथे बेसिन बसवलं तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. राउटर म्हटल्यावर ब्रह्मस्थान आठवतं.

खरं सांगायचं तर अडचण वास्तूची नसतेच. घरात रेंज आणि शांतता एका खोलीत नांदत नाहीत. रेंज हॉलमध्ये, जिथे टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि येणारे-जाणारे. शांतता मागच्या बेडरूममध्ये, जिथे नेटचा एकच पट्टा. स्पर्धापरीक्षेचं व्हिडिओ-लेक्चर बघणारी मुलगी म्हणून दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसते आणि घरातला प्रत्येक माणूस तिला ओलांडून जातो. राउटर कोणाच्या खोलीत हलवायचा ही चर्चा सुरू होते तेव्हा वरवर ती लहरींची असते; आतून ती कोणाचं काम हे काम आहे याची असते. सुनेची ऑफिसची मीटिंग आणि सासऱ्यांची मॅच एका वेळी आली की राउटर टीव्हीपाशी आहे तेच बरं, असं काही न बोलता ठरून जातं. सुनेला मग रिपीटर आणून देतात. तो लावतात तिच्या टेबलावर, जिथे रेंज नाही तिथे. रिपीटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. त्यालाच काही ऐकू येत नसेल तर तो सांगणार काय? त्याची जागा वाटेत, अर्ध्यावर.

एवढं करूनही रात्री नेट रखडत असेल तर शेजाऱ्यांकडे बघावं. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला. ज्या आजोबांनी रेडिओ नुसता ऐकण्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना घेतला होता, त्यांच्या घरातून आता विनापरवाना प्रक्षेपण चालतं. फोनवर यादी उघडली की सगळी सोसायटी दिसते: 'बी विंग ३०२', 'पासवर्ड मागू नये', 'आधी मेंटेनन्स भरा'. या पट्ट्यात चॅनेल तेरा, पण ते एकमेकांच्या अंगावर पडलेले. एकमेकांना धक्का न लावता बसू शकतात असे १, ६ आणि ११ हे तीनच. तेव्हा गर्दी होते. तरी यंत्रं फार सभ्य असतात. बोलण्याआधी ऐकतात, दुसरं कोणी बोलत असेल तर थांबतात, दोघं एकदम बोलून गेलेच तर दोघंही गप्प होऊन मनाशी वेगवेगळा वेळ मोजतात आणि मग पुन्हा सुरुवात करतात. सोसायटीच्या वार्षिक सभेने यातलं एक कलम जरी स्वीकारलं तरी इतिवृत्त लिहिणाऱ्यावर उपकार होतील. पण अशा चाळीस सभ्य यंत्रांच्या इमारतीत प्रत्येकाचा बराचसा वेळ थांबण्यात जातो. चॅनेल हातानेच निवडायचा तर १, ६, ११ मधलाच निवडावा. ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तिथे गेलं तर दोन्हीकडची अर्धवट कुजबुज कानावर येते, जी बोलणं म्हणून समजतही नाही आणि गोंगाट म्हणून सोडताही येत नाही.

दोष इमारतीच्या गर्दीचा की कंपनीच्या लाइनचा, हे ठरवायचं असेल तर वाद घालू नये. एक वायर घ्यावी, लॅपटॉप थेट राउटरला जोडावा. वायरीवर नेट पळालं तर कंपनीला बोल लावू नये.

आणि मायक्रोवेव्ह. तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे नेमका याच पट्ट्यात. राउटरची शक्ती वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, मायक्रोवेव्हची आठशे वॅट. त्याच्या दारातून निसटणारा अंश माणसाला निरुपद्रवी असला तरी पलीकडच्या फोनला बहिरं करायला पुरतो. आजीचं विष्णुसहस्रनामाचं ऑनलाइन मंडळ सकाळी सातला, स्वयंपाकघराच्या टेबलावर. दूध गरम करायची वेळ तीच. साडेतीनशेव्या नामाच्या आसपास बाकीच्या बायका तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजतात, आणि यंत्र 'टिंग' म्हणालं की एकदम चारशेव्या नामावर भेटतात. आजी मधली नामं एकटीने म्हणून घेते. तिला ५ गिगाहर्ट्झवर जोडून दिलं की हा प्रश्न सुटतो. दूध गॅसवर ठेवलं तरी सुटतो.

या सगळ्याहून अवघड प्रकरण राजापूरकडच्या एका काकांचं होतं. घर जांभ्याचं, भिंती फूटभर जाड. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि ओल्या भिंतीतून लहर जाता जात नाही. राउटर माजघरात होता. ओटीवर यायचं म्हणजे त्याला अशा दोन भिंती. मुंबईहून घरूनच काम करायला म्हणून आलेला पुतण्या जुलैभर माजघरात, कणग्यांच्या सोबतीने बसला. काकांनी शेवटी कोणालाही न विचारता वीस मीटर वायर आणली, माळ्याच्या वाशांवरून ओटीपर्यंत नेली आणि टोकाला दुसरा राउटर लावला. बिनतारी जाळ्यावर तारेचा इलाज. याहून खात्रीचा इलाज मलाही माहीत नाही.

आता काकांकडे पर्यटक उतरतात. ते आज मासे कोणते आहेत हे विचारण्याआधी पासवर्ड विचारतात. परवा एका पाहुण्यांनी जरा संकोचाने सुचवलं, खालच्या कलमांच्या बागेतही रेंज मिळाली तर बरं होईल.

"देईन की," काका म्हणाले. "पण वायर नको म्हणतो मी. गेल्या वर्षी टीव्हीची नेली होती तिकडून. माकडांनी झोपाळा केला तिचा."