१८०० तासांचा कॅप्टन

गडचिरोली जिल्ह्यात विमानतळ नाही. रेल्वे वडशाला येऊन टेकते, पुढे एसटी. तरी जिल्ह्यात वैमानिक आहेत, तालुक्याला किमान एक. ओळखायला सोपे असतात. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की चहाच्या टपरीवरची सगळी माणसं मान वर करतात, हा एकटा मनगटावरचं घड्याळ बघतो. "आज उशीर झाला त्याले," म्हणतो आणि पुन्हा बशीत चहा ओततो.

आमच्या वॉर्डातला कॅप्टन वडिलांचं कृषी केंद्र सांभाळतो. दिवसा युरिया, रात्री एअरबस. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी धानाची पोती असायची, तिथे आता मोठा मॉनिटर, जॉयस्टिक, पायाशी दोन पेडल आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो नागपूरहून निघाला होता. वैनगंगा आली, तसा म्हणाला, "खाली पाहा, भाऊ, आपला जिल्हा." जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भाग जंगल, त्यामुळे पडदाभर हिरवंच हिरवं. गावं मात्र गमतीची होती. यंत्राने आपल्या अकलेने घरं रचली होती आणि आरमोरीच्या आसपास दुमजली बंगल्यांची रांग उभी होती. कॅप्टनला त्याचं काही वाटलं नाही. "घरकुल मंजूर झाले असतील," म्हणाला.

त्याच्या कानाला हेडफोन. पलीकडे खरा माणूस असतो. जगभरचे हौशी लोक एकत्र येऊन कुणी विमान चालवतो, कुणी टॉवर सांभाळतो, असं ते जाळं आहे. त्या रात्री चेन्नईचा एक मुलगा टॉवर सांभाळत होता. आईला "मले जेवाले बोलावू नोको" असं ओरडून सांगणारा कॅप्टन पुढच्याच क्षणाला माइकवर असं इंग्रजी बोलला की मी उठून उभा राहिलो.

त्याची एक लाडकी गोष्ट आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. "दोघं एकाच सालचे. त्याच्यात आता आख्खी पृथ्वी मावली. आपली रेल्वे अजून येऊनच रायली."

या माणसात खोटेपणा नाही, हे मी शपथेवर सांगेन. खोटेपणा वाटेत शिरतो. सुरुवातीला तो "सिम्युलेटरवर विमान उडवतो" असं पूर्ण वाक्य बोलायचा. मग पालीच्या शेपटीसारखा पहिला शब्द गळून पडला. मग एका आभासी विमान कंपनीने तास मोजून त्याला कॅप्टनची पायरी दिली. त्याच्या आईला आभासी म्हणजे काय हे कळायचं कारण नव्हतं. कॅप्टन मात्र कळलं. शेवटी लग्नाचा बायोडाटा छापला गेला, त्यात शेती ४ एकर, दुकान स्वतःचं आणि त्याखाली "उड्डाण अनुभव : १८०० तास".

देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास लागतात.

स्थळ ब्रह्मपुरीचं होतं. मुलीचे मोठे मामा गडचिरोलीतले जिल्हा परिषदेचे गुरुजी, म्हणून चौकशी त्यांच्याकडे आली. दोन्ही घरांची ओळख, म्हणून पंच म्हणून मी. जातपडताळणीसाठी लेकरांची फाईल घेऊन फिरलेल्या आमच्या जिल्ह्यात 'पडताळणी' हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही, आणि गुरुजींनी तर आयुष्यभर "सत्यप्रत" म्हणून सह्या केलेल्या. पण अठराशे तासांची सत्यप्रत कशी काढायची?

प्रश्न गुरुजींचा एकट्याचा नाही. उडालो असं म्हणणं सोपं आणि ते सिद्ध करणं अवघड, हे मराठी माणसाला शिवकर बापूजी तळपद्यांपासून ठाऊक आहे. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडालं असं सांगतात. कुणी पाहिलं म्हटलं की सांगणारे पांगतात. खऱ्या वैमानिकांच्या वह्याही सोवळ्या नसतात. न केलेले तास वहीत चढवण्याला त्या धंद्यात 'पी-५१ चे तास' म्हणतात. पी-५१ हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान आणि पार्कर ५१ हे पेन; हे तास पेनावर उडवलेले. आपल्याकडे २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने काढलेले वैमानिक सापडले, तेव्हा डीजीसीएला हजारो परवान्यांचे कागद उपसावे लागले होते. कॅप्टनच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे : त्याचे तास पेनाचे नव्हते, संगणकाने स्वतः मोजलेले होते. १८०० भागिले २४, म्हणजे ७५ दिवस आणि ७५ रात्री हा गडी खुर्चीत बसून हवेत होता.

गुरुजींचा एक जुना विद्यार्थी खरंच विमान शिकला होता. त्याला फोन करून त्यांनी प्रश्नांची चिठ्ठी तयार केली. रविवारी आम्ही गेलो. पोहे आले. गुरुजींनी चष्मा लावला.

"टेकऑफच्या टायमाला कोन्ता पाय दाबतेस?"

"एका इंजिनाचं असंन तर उजवा, गुरुजी. फुल पॉवरला विमान डावीकडे ओढते."

बरोबर.

"धावपट्टीवर ३२ लिहून रायते ते कायचं?"

"दिशा. ३२० अंश, मागचं शून्य गाळून. नागपूरचीच हाय ते. दुसऱ्या टोकाले १४."

बरोबर.

"लहान विमानाच्या पेट्रोलचा रंग?"

"निळा."

तेही बरोबर. कॅप्टनची आई दाराआडून माझ्याकडे विजयाने बघत होती. गुरुजींनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. आमच्याकडे ताडोब्याच्या बाजूला वाघ न पाहिलेला माणूस सापडत नाही, आणि त्यांची परीक्षा घ्यायची एक रीत आहे. पट्टे किती, लांबी किती हे कुणी विचारत नाही, ते टीव्हीवरही दिसतं. मोहा वेचायला गेलेल्या बाईला विचारतात, टोपली कुठे टाकलीस? खरोखर वाघ पाहिलेली बाई आधी टोपलीबद्दलच हळहळते.

"वास?" गुरुजी म्हणाले.

"कायचा जी?"

"त्या निळ्या पेट्रोलचा. सकाळी टाकीतून थोडं काढून पाहतेत ना, पानी उतरलं का म्हणून. हातावर सांडते. वास कवा जाते?"

कॅप्टनने आपल्या हाताकडे पाहिलं. हाताला फवारणीच्या औषधाचा वास होता, तो मलाही येत होता.

"कपाळ दाखव."

हे मलाही नवीन होतं. शिकाऊ मुलं ज्या सेस्नावर शिकतात तिचा पंख वर असतो आणि त्याची मागची कड बरोबर कपाळाच्या उंचीला येते. विमानाभोवती फिरून तपासणी करताना एकदा तरी ती कड कपाळात बसते आणि खूण सोडते. विद्यार्थ्याने गुरुजींना आपली खूण व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. कॅप्टनचं कपाळ बाळाच्या पाठीसारखं कोरं.

"बरं, उडताना कवा घाबरलास का?"

इथे कॅप्टनचा चेहरा एकदम उजळला. "घाबरलो ना जी! नागपूरला उतरत होतो. तीनशे फुटांवर होतो, चाकं खाली, आणि लाइट गेली."

"मंग?"

"मंग काई नाई. लाइट तीन घंट्यांनं आली. विमान कुठी गेलं, मले अजून मालूम नाई. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर आणला."

गुरुजी हसले. मला वाटलं, परीक्षा संपली. पण कॅप्टन खुर्ची पुढे ओढून बसला.

"गुरुजी, तुमी इलेक्शन ड्युटीले हेलिकॉप्टरनं गेले होते ना?"

गेले होते. १९ एप्रिल २०२४ च्या मतदानासाठी पथकं दुर्गम भागात एमआय-१७ ने सोडली, त्यातल्या एकात गुरुजी होते. ही कहाणी वॉर्डात सगळ्यांना पाठ आहे.

"त्याचा वरचा पंखा किती पात्यांचा होता?"

गुरुजी गप्प. मांडीवर मतदान यंत्राची पेटी, कानात कापूस, शेजारचे मास्तर देवाचं नाव घेत होते, उतरताना टोपी दोन्ही हातांनी धरून कमरेत वाकून पळायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं. पाती काही आठवेनात.

"मान वर करतो कोन, बाबू?"

"पाच," कॅप्टन म्हणाला. "मागची तीन."

आतून चहा आला. गुरुजींनी खिशातून लाल पेन काढलं, बायोडाटा मांडीवर घेतला, 'उड्डाण अनुभव' खोडून 'छंद' केलं, '१८०० तास' तसंच ठेवलं, त्यापुढे 'संगणकावर' लिहिलं आणि सवयीने खाली "तपासले" म्हणून सही आणि तारीख टाकली. बेरीज बरोबर होती, विषय चुकला होता, असं ते परतताना मला म्हणाले. ब्रह्मपुरीला त्यांनी फोनवर सांगितलं, पोरगा रात्री घरीच असतो.

लग्न झालं. पत्रिका मात्र मुलाच्या आईने स्वतः छापून आणल्या होत्या आणि नवरदेवाच्या नावाआधी ठसठशीत 'कॅ.' होतं. गुरुजींनी मांडवातच जाब विचारला. ती माउली म्हणाली, "तो कबड्डीचा हाय जी. कालेजात होता."

मी चौकशी केली. होता.