शेजारच्या वर्गात कधी जाणार?

चाकणच्या मोठ्या कारखान्यांत शिफ्ट सुरू होण्याआधी लाइनवरची माणसं दहा मिनिटं एकत्र उभी राहतात. काल काय चुकलं, कुठला पार्ट परत आला, कुणाला काय सुचलं, हे बोलून घेतात. मगच बटण दाबलं जातं.

त्याच लाइनवरच्या कामगाराची मुलगी ज्या शाळेत जाते, तिथल्या तिसरीच्या बाईंना चौथीच्या सरांशी भागाकारावर बोलायला ही दहा मिनिटं मिळत नाहीत.

बिघडलेल्या पार्टची चौकशी होते. अडलेल्या मुलीची कोण करणार?

जपानकडून आपण बरंच घेतलं. कायझेन घेतलं, क्वालिटी सर्कल घेतली, फाइव्ह एस घेतलं. भोसरीपासून तळेगावपर्यंत शेडच्या भिंतींवर त्यांच्या पाट्या आहेत. त्याच जपानच्या शाळांत शंभराहून अधिक वर्षांची एक रीत आहे, ‘जुग्यो केनक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एक जण शिकवतो. बाकीचे वर्गात उभे राहून मुलांच्या वह्यांकडे पाहतात. मूल नेमकं कुठे अडलं, ते टिपतात. संध्याकाळी सगळे बसून पाठ उलगडतात, दुरुस्त करतात आणि दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतात.

गाड्या बनवायची शिस्त बोटीतून उतरली. माणसं घडवायची तिथेच राहिली.

शिक्षकांना प्रशिक्षण कमी पडतं, असं कुणी म्हणणार असेल तर थांबा. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आलं. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ ही शिक्षक-प्रशिक्षणाची योजना आली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वर्षाला ५० तास सांगितले. त्याशिवाय १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, २४ वर्षांनंतर निवडश्रेणीचं. व्हिडिओ पाहा, प्रश्नावली सोडवा, प्रमाणपत्र डाउनलोड करा.

आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काय बदललं? ते विचारणारा रकानाच नाही.

वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणाला शिक्षक पगारवाढीसाठी बसतो, यात त्याला दोष देऊ नका. पगाराची किल्ली शासनाने तिथेच टांगली आहे.

खरी अडचण पुढे आहे. या प्रशिक्षणांत प्रश्न वरून ठरून येतात आणि उत्तरंही. या औद्योगिक पट्ट्यातल्या शिक्षकाचा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी भोजपुरी, कन्नड नाहीतर ओडिया बोलतात. त्यांना मराठी जोडाक्षरं कशी शिकवू? वडिलांचं कंत्राट संपलं म्हणून जानेवारीत गेलेलं मूल जूनमध्ये परत आलं, तर त्याला कुठून सुरुवात करून देऊ? म्हाळुंगे-कुरुळीच्या चाळींतून येणाऱ्या मुलांचा हा रोजचा प्रश्न आहे. कुठल्या पीपीटीत त्याचं उत्तर आहे?

पीपीटीत नसेल. पण ते याच परिसरात आहे. कुठल्यातरी शाळेत कुठल्यातरी बाईंनी मुलांच्याच भाषेतल्या शब्दांची यादी भिंतीवर लावून, चित्रं जोडून, वाट काढलेली असते. दोन किलोमीटरवरच्या शाळेला ते ठाऊक नसतं. असे शोध रोज लागतात आणि शाळा सुटली की संपतात.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळा आहेत. काही इमारतींत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. दोन्हीकडे तेच पुस्तक, तीच वस्ती, तीच अडलेली मुलं. दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांना भेटतात ते फाटकात.

मग यावर काही व्यवस्थाच नाही का? आहे. १९९४ मध्ये राज्यात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. कल्पना खरोखर चांगली होती. आसपासच्या शाळांचं एक केंद्र, महिन्याला एक शिक्षण परिषद, तिथे एकाने नमुना पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं.

आता परिषदेत पाठापेक्षा सूचना जास्त असतात. अमुक लिंक भरा, तमुक माहिती उद्यापर्यंत द्या, उपक्रमाचे फोटो टाका. केंद्रप्रमुखांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. आणि द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक परिषदेला गेला की दुसरा चार इयत्ता एकटा सांभाळतो.

त्या दिवशी शिकलं कोण?

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटची, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाची, गोष्ट शिक्षकांना माहीत आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्या बीटमधले शिक्षक वर्षानुवर्षं एकत्र बसले, बोलले, करून पाहत गेले. त्यातून मुलं वाचायला लागली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर राज्यभरातून शिक्षक बसने तिथे गेले. त्यांनी मुलांना शिकण्यासाठी फरशीवर आखलेल्या चौकटी पाहिल्या, फोटो काढले आणि आपापल्या शाळेची फरशी रंगवली.

फरशी एका रविवारी रंगते. ती आखण्यामागची चर्चा कुणी बसमध्ये भरून आणली?

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. पट तीनवर आला होता, शाळा बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले. गाव आणि शिक्षक एकत्र आले, विषयमित्र म्हणून मुलं मुलांना शिकवू लागली, पट शंभराच्या पुढे गेला. २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला. अभिनंदनाचे फलक लागले, आणि ते लागायलाच हवे होते.

पण चाकणच्या एखाद्या शिक्षिकेला तिथे आठवडाभर बसून शिकायचं असेल, तर तिचा वर्ग तोवर कोण घेणार? बदली शिक्षक नसेल, तर पुरस्कार तालुक्याचा आणि शहाणपण एका गावाचं.

त्यात आता ‘टीईटी’, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायची आहे. शिक्षक रात्री गाइड उघडून बसले आहेत, एकेकटे. परीक्षा गुण सांगते. अपूर्णांक न समजलेल्या मुलासमोर उभं राहायला ती शिकवत नाही.

शिक्षकांनाही एक सांगायला हवं. शेजारच्या शिक्षकाने वर्गात येऊन बसलेलं अनेकांना आवडत नाही. कारण उघड आहे. आजवर वर्गात मागे जो बसला, तो तपासायला आला. टाचण वही मागितली, पुस्तकात शेरा लिहिला आणि गेला. मागच्या बाकावरचा माणूस मदतीला आलेला असू शकतो, हे कुणी अनुभवलेलंच नाही. ही भीती परिपत्रकाने जाणार नाही. आधी मुख्याध्यापकाने स्वतःचा तास सहकाऱ्यांसमोर उघडा करावा. तो चुकला, अडखळला तरी चालेल. उलट अडखळला तर फार बरं. बाकीच्यांचा जीव भांड्यात पडेल.

‘वेळ कुठून आणायचा?’ हा प्रश्न आता येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास लिहिले आहेत, पाठाच्या तयारीसह. म्हणजे तयारी हा कामाचाच भाग आहे, घरी जाऊन करायचा उपकार नाही. याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला लावू नका म्हणतं. तरी तो दिवसभर माहिती भरत असतो.

वेळ आहे. तो कार्यालयांनी नेला आहे.

तो परत मागायचा तर आठवड्यातला एक तास मागा. वेळापत्रकात छापलेला, कुठल्याही बैठकीसाठी न मोडणारा. त्या तासाला चार शिक्षक एका पाठावर बसतील, आणि महिन्यातून एकदा त्यातला एक जण दुसऱ्याच्या वर्गात जाईल. फोटो नको, लिंक नको, प्रमाणपत्रही नको.

आणि हे मागायचं पालकांनी. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळा विकास आराखडा त्याच समितीने करायचा असतो. पुढच्या सभेत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीनंतर एक प्रश्न विचारा. आमच्या मुलांच्या बाई गेल्या महिन्यात कुणाच्या वर्गात जाऊन बसल्या? उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असेल, तर हा एक तास आराखड्यात लिहून घ्या आणि त्याखाली सही केल्याशिवाय उठू नका.